जाळीतली वाटीएवढी जागा

मंडळी, आज सकाळचं सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचं स्नेहलतागंजचं घर मध्य भारत राज्य होतं तेव्हाचं, जुनं. आईला डेंगू झाला तेव्हापासून बाबांनी धोशाच लावला होता, गॅलरीला मच्छरजाळी लावा. काल ती एकदाची लागली.

आज आई नेहमीसारखी शिऱ्याची वाटी घेऊन गॅलरीत गेली. शेजारच्या जीजींची गॅलरी हातभर अंतरावर. रोज इकडून वाटी जाते, आणि परत येते ती कधीच रिकामी नसते.

आज हात जाळीला अडला.

जीजी हसून म्हणाल्या, "भाभी, जाली तो बढ़िया लगी, पर अब कटोरी किधर से आएगी?"

आई तशीच वाटी घेऊन आत आली.

थोड्या वेळाने बघतो तर बाबा कात्रीने नवीकोरी जाळी कापतायत!

"अहो बाबा, मच्छर येतील ना!"

"येऊ देत. मी बसतो ना इथे."

आत्ता संध्याकाळी दोघींच्या गप्पा चालल्यायत, आणि बाबा त्या भोकाशेजारी खुर्ची टाकून, मच्छर मारायची रॅकेट घेऊन बसलेत.

सांगा भिया मंडळी, तिथे झडप बसवून घेऊ, की बाबांना असंच बसू देऊ?