टिपणीसकाकांचे अक्षांश

शारजात आम्ही राहायला आलो तेव्हा कुणाला पत्ता विचारला की तो पोस्ट बॉक्सचा नंबर सांगायचा. पत्रासाठी तो ठीक, पण जेवायला कुणाच्या घरी जायचं तर पोस्ट बॉक्सचा काय उपयोग? मग फोनवर खाणाखुणा सुरू व्हायच्या. "मोठ्या मशिदीमागे ये, हिरव्या फार्मसीला राइट मार, बंगाली सलूनच्या वर थर्ड फ्लोअर." सलून बंद पडलं की पाहुणे गल्लीत गरगरत राहायचे आणि इकडे आमटी गार व्हायची.

आमच्या वरच्या मजल्यावर विजयकुमार टिपणीस राहत. त्यांना या पद्धतीचा मनस्वी राग होता. मूळचे पुण्याचे, वय पंचावन्नच्या आसपास, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका सर्व्हे कंपनीत नकाशे काढायचं काम. त्यांच्याकडच्या गणपतीचं आमंत्रण आलं तर मेसेजमध्ये आरतीची वेळ आणि खाली घराचे अक्षांश-रेखांश. बस्स. मी एकदा विचारलं, "काका, बाप्पांनाही हेच पाठवलंत का?" तर ते अजिबात न हसता म्हणाले, "ते चुकत नाहीत. तुम्ही चुकता."

आम्ही त्यांची भरपूर टिंगल करायचो. बोलायला लागले की हा माणूस थांबायचा नाही. हातात मोदक, समोर ताटकळलेली पोरं, आणि काका सांगताहेत की पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. शारजात मात्र कधीच येत नाही, कारण कर्कवृत्त आपल्या खालून, लिवाच्या वाळवंटाच्या बाजूने जातं. माझी दिया तेव्हा पाच वर्षांची. ती म्हणाली, "सो द सन डझन्ट लाइक शारजा?" काका इतके खूश झाले की तिला स्वतःच्या ताटातला मोदक दिला. त्याच दिवशी आणखी एक व्याख्यान झालं होतं, जुन्या नकाशांवर. जुनी मोजणी वेगळ्या पायावर झालेली, जीपीएसचा पाया वेगळा. आकडे तेच ठेवले तरी जागा सरकते, म्हणून आधी हिशेब करून आकडे बदलून घ्यावे लागतात. ते कुणीच ऐकलं नाही. मी तर पानं वाढायच्या निमित्ताने सटकले होते.

मग २००८ संपता संपता सगळंच कोसळलं. दुबईत क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. शाळेच्या बसमधली मुलं कमी व्हायला लागली. उपेंद्र, माझा नवरा, टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होता. जानेवारीत त्याला बोलावून सांगितलं, खलास. नोकरीशिवाय व्हिसा फक्त महिनाभर; तेवढ्यात दुसरी मिळाली तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. उपेंद्र दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचा आणि फोन वाजला की दचकायचा. मी वरवर हसत होते, पण न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

मुदत संपायला आठवडा उरला असताना रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवारी अकरा वाजता. ऑफिसातल्या बाईने फोनवर रस्ता सांगितला, "हायवे सोडला की व्हिलांचं मोठं होर्डिंग दिसेल. तिथून सेकंड लेफ्ट."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी टिपणीसकाका खाली आले होते. हे ऐकून त्यांचा पारा चढला. "होर्डिंग ही काय खूण झाली? आज आहे, उद्या नाही." ते तडक वर गेले, कपाटातून त्या भागाचा सर्व्हेचा नकाशा काढला, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला, पट्टी लावून कारखान्याचे अक्षांश-रेखांश काढले आणि आपलं हातातलं जीपीएस मशीन उपेंद्रच्या स्वाधीन केलं. "यल्ला, चल, आता डोळे मिटून जा," म्हणाले. "डोळे मिटून नको, दुसरी गाडी नाहीये आमच्याकडे," मी म्हणाले. पण मनातून मला धीर आला होता.

सोमवारी साडेदहाला फोन आला. उपेंद्रचा आवाज चिरकत होता. "सुमेधा, मशीन म्हणतंय पोचलो. इथे नुसती भिंत आहे गं! गेटवर भलत्याच कंपनीचं नाव, आणि वॉचमन म्हणतो, मालूम नहीं. ऑफिसचा फोन सारखा एंगेज येतोय."

होर्डिंग दिसलं का, मी विचारलं. नुसते खांब उभे होते. व्हिलांचा प्रोजेक्टच रद्द झाला होता, फलक कधीच उतरवला होता.

मी फोन कानाला लावूनच जिना चढले. दार टिपणीसकाकांनीच उघडलं, अंगात घरचा सदरा. मी काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. "तुमच्या त्या अक्षांशांनी आमचा घात केला" इथपासून सुरुवात होती. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अरे देवा, नकाशा जुना," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"उपेंद्र, चूक माझी आहे. शिव्या नंतर दे. नकाशा जुन्या मोजणीचा, मी आकडे न बदलता तसेच मशीनमध्ये भरले. तुझं ऑफिस तिथून ईशान्येला आहे, दोनशे-सव्वादोनशे मीटर. गाडीने वळसा पडेल, रस्ता सापडायचा नाही. गाडी तिथेच सोड. ऊन आहे ना? मग सूर्य उजव्या हाताला ठेव, सावली डाव्या हाताला, आणि सरळ चालत सूट."

"काका, समोर भिंत आहे."

"वॉचमनला फोन दे."

वॉचमनचं नाव वली. काका त्याच्याशी हिंदीत बोलले, आर्जवाने, जवळजवळ हात जोडून. "वली भाई, बच्चे की नोकरी का सवाल है. पीछे कोई गेट है?" मागे गेट होतं, कुलूप लावलेलं. वली किल्ली घेऊन उपेंद्रबरोबर निघाला. मी आणि काका फोनवर त्यांच्या पावलांचे आवाज ऐकत उभे होतो. "सावली कुठे आहे?" काका विचारत. "डावीकडे." "चाल." मग कुलूप निघाल्याचा आवाज आला आणि उपेंद्र ओरडला, "दिसली काका! पाटी दिसली!"

मुलाखतीला सहा जणांना बोलावलं होतं. पोचले दोघंच. बाकीचे हायवेवर नसलेलं होर्डिंग शोधत फिरत होते. खरेदीचे मॅनेजर अहमद यांनी उपेंद्रचे धुळीने माखलेले बूट पाहिले आणि विचारलं, "हबीबी, तू मागच्या बाजूने कसा काय आलास?" उपेंद्रने नकाशापासून सावलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. अहमद पोट धरून हसले. मग कामाचे प्रश्न विचारले, आणि कामात माझा नवरा कच्चा नाही. तीन दिवसांनी होकार आला.

मी पेढे घेऊन वर गेले. टिपणीसकाका बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी विभावरीकाकूंनी पेढा हातात घेतला, डोळे भरून आले त्यांचे, पण तो काही त्यांना खाववेना. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यांचंही ऑफिस बंद झालं गं. त्याच रविवारी सकाळी कळलं. एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला परत."

रविवारी सकाळी! आणि संध्याकाळी हा माणूस आमच्या टेबलावर वाकून आमच्यासाठी पट्टी लावत होता. म्हणून आकडे बदलायचे विसरला. म्हणून सोमवारी साडेदहाला घरी होता. आणि मी त्याच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले होते. काका आल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर उपेंद्र म्हणाला असता, आधी तुमचं बघू. मुलाखत राहिली असती."

एप्रिलमध्ये ते गेले. आम्ही राहिलो. शारजातच दियाची शाळा झाली, त्याच नोकरीवर आमचं घर चाललं. २०१४च्या उन्हाळ्यात सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा काकांना फोन केला. लगेच मेसेज आला, फक्त अक्षांश-रेखांश. दिया पुढच्या सीटवर फोन घेऊन बसली. "बाबा, टर्न लेफ्ट. टू हंड्रेड मीटर्स."

दोनशे मीटर ऐकून उपेंद्रने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

आकडे या वेळी अचूक होते. तरीसुद्धा भर दुपारच्या उन्हात, डोक्यावर टोपी घालून, काका सोसायटीच्या गेटबाहेर रस्त्यात उभे होते आणि दोन्ही हात हलवत होते. मागे विभावरीकाकू छत्री धरून वैतागलेल्या. "कुणीही येणार असलं की हे असेच येऊन उभे राहतात. रास अल खैमापासून ही सवय लागलीय."

उपेंद्र गाडीतून उतरला. "काका, पत्ता बरोबर होता, उन्हात कशाला उभे राहिलात?"

"त्या दिवशी तुला घ्यायला गेटवर कुणी नव्हतं," काका म्हणाले. "ते मनातून जात नाही."

"होतं की," उपेंद्र म्हणाला. "फोनवर तुम्ही होतात."

मी पाया पडायला वाकले, तर काकांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"ऊठ गं," शेवटी म्हणाले, "आमटी गार होतेय."