एक बी की तीन?

आत्या हिमालयातल्या तुंगनाथच्या यात्रेहून परतली त्या रविवारी मी बोईसरहून एडवणला तिला भेटायला गेले. दिवेलागण झाली होती. तिने धुपाटण्यात निखारे घेतले आणि पिशवीतून एक वाळकी डहाळी काढून त्यावर धरली.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की डहाळी तिच्या हातून सुटली.

"अगो, काय झाला? धूप हाय तो. वर चहावालीने दिला. आपल्या सुरूसारकाच दिसते."

सुरू सूचिपर्णी नाही, दिसतो फक्त तसा, हे मी शाळेत दरवर्षी शिकवते. पण उंच पहाडावरचं खरंखुरं सूचिपर्णी झुडूप मी पुस्तकातल्या चित्राबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. आता ते आत्याच्या ओटीवर पडलं होतं, वर त्याला वाटाण्याएवढी काळी फळंही होती!

भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. पानं बारीक, टोकदार, तीन-तीनच्या गटात. म्हणजे जुनिपर, पण कोणता? दोन नावं डोक्यात भिरभिरत होती. एकाच्या फळात बहुधा तीन बिया असतात, दुसऱ्याच्या फळात एकच. मी विळी पुढे ओढली. फळ चिरताना बोटं चिकट झाली, नाकात राळेचा वास भरला. आत एकच बी!

"आत्या, जुनिपेरस स्क्वामाटा!"

"कोनची माता?" तिने चटकन हात जोडले.

"माता नाही गं, माटा. शास्त्रीय नाव आहे. लॅटिनमध्ये स्क्वामाटा म्हणजे खवले असलेली."

"खवले?" आत्या खुदकन हसली. "मग ती आपल्या बंदरावरचीच की! चल पुढल्या साली माझ्याबरोबर, बघून ये."

पुढच्या मेच्या सुट्टीत तिने मला यात्रेच्या मंडळात घातलंच. देवळाच्या अलीकडे, फरसबंदी वाटेच्या कडेला ती स्क्वामाटा दिसली. जेमतेम गुडघ्याएवढी, निळसर हिरवी, खडकाला बिलगून पसरलेली. मी पाठपिशवी फेकली आणि तिथेच पालथी पडले, भिंग डोळ्याला लावून. मागून येणारी खेचरं खोळंबली, खेचरवाले ओरडायला लागले. आत्या दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"जरा रुको ना! हमारी पोरगी झाड का नाव देखती हाय!"