त्यांचं हव

गुढियारीत ज्यांच्या शेडमध्ये माझे ऑइल कूलर बनतात, ते भाऊ सगळ्यांना "हव" म्हणतात. म्हणजे हो. चहा घेणार? हव. उद्या माल देणार? हव. म्हणताना मान हलते, पत्र्यावर चालणारा खडू मात्र थांबत नाही.

एकदा तेलाच्या मिलचे सेठ तिथे आले. त्यांच्या कूलरच्या ड्रॉइंगमध्ये नळ्यांच्या जुडग्यात मी आडव्या प्लेटा जवळजवळ दाखवल्या होत्या. त्यांच्यामुळे गरम तेल नळ्यांभोवती वळसे घेत जातं आणि आतल्या पाण्याने थंड होतं.

सेठ म्हणाले, "प्लेटें कम कर दो. पंप पर लोड आएगा."

"हव सेठजी."

माझं डोकं तापलं. आमच्या घरातली मी पहिली इंजिनीअर, आणि पंपाचा हिशोब करूनच ते ड्रॉइंग काढलं होतं. सेठ गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, काहून हव म्हटलं? तेल गरमच निघेल ना."

"त्यायले हव पाहिजे होतं, देलं. प्लेटा तुमच्याच हिशोबानं लावून राहिलो."

मिलमध्ये कूलर सुरू झाला. तेल थंड निघालं, पंपही कुरकुरला नाही. सेठ खुश. "देखा? प्लेटें कम कीं, तब चला."

"हव सेठजी."

मला राहवलं नाही. "सेठजी, एक भी कम नहीं की."

सेठ भाऊंकडे वळले. "सच बोल रही है?"

"हव."

आता ते मला हव म्हणाले, की मी टेप काढते. प्लेटांमधलं अंतर मोजल्याशिवाय शेडमधून हलत नाही.