हसण्यावारी

इस्त्रीवालीची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा गरम, असं गिऱ्हाइकं म्हणायची. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला, किरणांचे उपचार झाले, तरी ती जीभ काही निवली नाही. उपचार संपले तेव्हा नर्सने तिला आणि नवऱ्याला समोर बसवून प्लॅस्टिकची एक गुळगुळीत कांडी आणि जेलची ट्यूब दिली.

"किरणांनी योनीमार्ग आकसतो, ताई. ही नेमाने आत घालत जा. नाहीतर नवरा-बायकोचे संबंध तर सोडाच, साधी तपासणीही करता येणार नाही."

नवऱ्याने मान डोलावली.

फार दुखायचं, पण ती दातओठ खाऊन करायची. नवऱ्याजवळ पुन्हा जायची तिला मनापासून ओढ होती.

मग एकदा घरात पाहुणे जमले असताना टॉवेल शोधणाऱ्या नणंदेला कपाटात ती कांडी सापडली. सगळ्यांसमोर ती नाचवत नणंद म्हणाली, "दादा, वहिनीने तुझ्या जागी बदली कामगार ठेवलाय की रे!"

सगळे पोट धरून हसले. इस्त्रीवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला तर सगळं ठाऊक होतं.

"म्हणजे माझी सुट्टीच झाली म्हणायची!" असं म्हणून तोही हसला.

तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवसापासून तिने कांडीला हात लावला नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंचं बोटसुद्धा आत जाईना. ती वेदनेने कळवळली.

"इतका निष्काळजीपणा?" डॉक्टरबाई डाफरल्या.

पडद्यापलीकडून नवरा म्हणाला, "मी कानीकपाळी ओरडत होतो, डॉक्टर. पण ही ऐकेल तर शपथ!"