गुरुवारचा फोन

शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या आत एक कापड शिवलेलं असतं. हे कापड आमच्या बुऱ्हाणपुरात विणलं जातं. एक परदेशी कंपनी ते इथल्या पावरलूमवाल्यांकडून विणून घेते, त्याला खळ देते आणि देशोदेशीच्या शिलाई कारखान्यांना विकते. मी त्या कंपनीचा इथला माणूस. सिंधीपुऱ्याच्या पुढे आमचं एक छोटं युनिट आहे, खळ देण्याचं एकच मशीन असलेलं. त्याची आणि सूत देऊन कापड परत घेण्याची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे.

दर गुरुवारी दुपारी तिकडून फोन येतो. माल, गाड्या, वीज यांची चौकशी होते आणि शेवटी एक ठरलेला प्रश्न येतो: पुढच्या सहा महिन्यांबद्दल तुम्हाला कसं वाटतं? कंपनी ज्या ज्या देशात आहे तिथल्या माणसाला हाच प्रश्न विचारते आणि त्या उत्तरांवरून कुठे मशीन लावायचं, कुठून पाय काढायचा हे ठरवते. एका देशातून त्यांनी असाच पाय काढला. तिथल्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. ऑनलाइन बैठकीत तो सारखा खोकायचा, तेवढीच ओळख. एका बैठकीपासून ते खोकणं ऐकू येईनासं झालं. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

मी मात्र दर गुरुवारी म्हणायचो, “चांगलं वाटतंय.”

ही सवय माझ्या घरातली आहे. वडील महाराष्ट्रातून इकडे कागदाच्या गिरणीत नोकरीला आले आणि आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो. त्यांना कुणीही, कधीही विचारलं तरी ते म्हणत, “एकदम ठीक.” अंगात ताप असतानाही म्हणत. ठीक नाही असं म्हटलं की जे अजून घडलेलं नाही ते घडायला लागतं, असं त्यांना वाटत असावं. मलाही तसंच वाटतं. म्हणून गेल्या दिवाळीपासून ऑर्डर कमी होत गेल्या, राजपुऱ्याजवळच्या गल्लीतले आमच्या कामाचे निम्मे माग बंद राहू लागले, तरी माझं उत्तर बदललं नाही.

त्या गल्लीतले एक भाऊ माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्या शेडमध्ये पूर्वी अरुंद माग होते आणि त्यांवर ते साधं कापड काढायचे. मीच त्यांच्या मागे लागलो. म्हटलं, भाऊ, आमच्या कंपनीला मोठ्या पन्ह्याचं कापड लागतं, रुंद माग बसवा, काम कमी पडणार नाही. त्यांनी अरुंद माग भंगारात काढले. आता त्या रुंद मागांवर फक्त आमचं कापड निघतं. त्या पन्ह्याला बुऱ्हाणपुरात दुसरं गिऱ्हाईक नाही. कंपनी गेली तर भाऊंकडे लोखंडाखेरीज काही उरणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही.

यंदा चैत्रात कळलं की कंपनीच्या एक संचालक मॅडम येणार आहेत. इंदूरहून मोटारीने येतील, अर्धा दिवस थांबतील. इथे दुसरं मशीन लावायचं की असलेलंही बंद करायचं, याचा निर्णय त्या बघून घेणार होत्या. दुसरं मशीन आलं तर अख्ख्या गल्लीला काम होतं.

मी गल्लीत जाऊन सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी एकूण एक माग चालले पाहिजेत. पडून असलेलं सूत लावा, पण चालवा.

भाऊ हसले. “पोरगी पाहायचा कार्यक्रम आहे का भैया? मागाले पावडर लावू का?”

वहिनी आतून म्हणाल्या, “मागाले नको, भैयाच्या तोंडाले लावा. आतापासून कसं उतरून राह्यलं, पाहा.”

मीही हसलो. पण त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. झोपेतही मी मागांचा खडखडाट ऐकायचो, आणि तो थांबला की जागा व्हायचो.

ज्या दिवशी त्या येणार होत्या त्या सकाळी मी दाढी करत असताना भाऊंचा फोन आला.

“भैया, जॉबरबाबा गेले.”

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. हे बाबा फार म्हातारे झाले होते, पण गल्लीतल्या प्रत्येक मागाला कधी ना कधी त्यांचा हात लागलेला होता. त्यांचे मुलगे सुरतेला आणि भिवंडीला. ते पोचल्याशिवाय तिरडी उठणार नव्हती, म्हणजे दुपार होणार. आणि गल्लीचा रिवाज असा की मयत घरात असेपर्यंत गल्लीतला एकही माग चालत नाही. हे कुणाला सांगावं लागत नाही. बातमी पुढे सरकते तशी एकेक शेड गप्प होत जाते.

माझ्या मनात पहिला विचार बाबांचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की आजच का?

मी गल्लीत पोचलो तेव्हा सगळं शांत होतं. बाबांच्या दारात बायका बसल्या होत्या. मी तिथे हात जोडले आणि सरळ भाऊंच्या शेडमध्ये शिरलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघेना. भाऊंनीच ते ओळखलं.

“मागचे दोन चालवू का? दरवाजा लावून घेतो. बाहेर जास्त आवाज नाही जाणार.”

मी नाही म्हणालो नाही. हे मी इथे लिहिलं पाहिजे. मी गप्प उभा राहिलो आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला. ते स्विचकडे वळले.

वहिनी पदर सारखा करत दारात आल्या होत्या. “मी मयतीत बसाले चालली,” त्या म्हणाल्या. “तिथं मले मागाचा आवाज आला ना, तर आज दोघंबी बाहेरच जेवजा. बाबांनी या मागाचे हातपाय बसवले. लाज वाटू द्या जराशी.”

भाऊंनी हात खाली घेतला. वहिनी गेल्या. 

मॅडम वेळेवर आल्या. साठीच्या असाव्यात. साधे सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. युनिटवर नंतर जाऊ, आधी माग दाखवा, असं त्यांनी गाडीतूनच सांगितलं होतं. मी त्यांना बाबांच्या घराकडून न नेता मागच्या बोळाने आणलं. गल्लीत उतरल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि कान दिला.

“इतकी शांतता?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

गल्लीत मयत झाली आहे, असं मला म्हणता आलं असतं. त्यात काहीच अवघड नव्हतं. पण मला वाटलं, यांना ते कारण खोटं वाटेल. काम नाही म्हणून माग बंद आहेत आणि हा माणूस मेलेल्याचं निमित्त सांगतोय, असं त्या समजतील. खरं कारणच बनावट वाटेल या भीतीने मी एक बनावट कारण सांगितलं.

“वीज गेली आहे,” मी म्हणालो. “येईल.”

त्यांनी खिशातून फोन काढून त्यात काहीतरी टिपलं. “असं वारंवार होतं?”

“वारंवार नाही. कधीतरी.”

“आठवड्यातून?”

“हो, म्हणजे... तसंच काहीसं.”

आम्ही शेडमध्ये शिरलो. भाऊंनी स्वच्छ सदरा घातला होता. त्यांना इंग्रजी येत नाही. बाहेर आमचं काय बोलणं झालं हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी नमस्कार केला, खुर्ची पुसली आणि मॅडमच्या कपाळावरचा घाम बघून म्हणाले, “अरे, केवढी गरमी होऊन राह्यली पाहुण्याले!” आणि मला काही कळायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

पंखा आधी कुरकुरला, मग भरभर फिरू लागला. टेबलावरचे कागद उडाले. भाऊंनी रेग्युलेटर आणखी पुढे ढकलला आणि पाहुणचार नीट झाल्याच्या समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

मॅडमनी वर पाहिलं. मग माझ्याकडे.  भाऊंनी पुढे केलेल्या बशीतला मावा जिलबीचा तुकडा त्यांनी उचलला आणि सावकाश खाल्ला. तेवढा वेळ मी त्या पंख्याखाली घामाने भिजत उभा होतो.

मग मी सांगितलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराबद्दल, रिवाजाबद्दल, मागच्या बोळाने का आणलं त्याबद्दल.

“आणि हे तुम्ही आधीच का सांगितलं नाही?”

“तुम्हाला वाटलं असतं की इथे मंदी आहे.”

“आहे का?”

या प्रश्नाला इतक्या दिवसांत मी कधी तोंड दिलं नव्हतं. फोनवर ‘कसं वाटतं’ असं विचारलं जायचं. ‘आहे का’ असं कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. निम्मे माग दिवाळीपासून बंद आहेत, आज पडून असलेल्या सुतावर ते सगळे चालवून दाखवणार होतो, हेही सांगितलं. 

त्या चिडल्या, पण आवाज चढवला नाही. “मी तिकडे बारा जणांसमोर बसते,” त्या म्हणाल्या. “ते विचारतात, भारतात काय स्थिती? मी तुमचं वाक्य सांगते. दर वेळी तुमचंच वाक्य. आणि आता पाच मिनिटांपूर्वी तुमच्या विजेमुळे मशीन इथे नको असं मी टिपून घेतलं. कुणी वारलं आहे म्हणून एक दिवस काम बंद, याने मला काही फरक पडला नसता. आठवड्याला वीज जाते, याने पडतो.”

मी खाली बघत होतो.

“मशीन या वर्षी इथे येणार नाही,” त्या उठत म्हणाल्या. “विजेमुळे नाही. तुमचं कोणतं बोलणं खरं धरायचं ते मला कळत नाही म्हणून. युनिट सध्या चालू राहील. दिवाळीनंतर बघू. आणि यापुढे गुरुवारचा फोन मी स्वतः करीन. तुम्ही तो या शेडमध्ये बसून घ्यायचा. आधी मी माग ऐकेन, मग तुम्हाला.”

एवढ्यात बाहेर गलका झाला. बाबांचे मुलगे पोचले होते, तिरडी उठली होती. मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी हात जोडलेले पाहून त्यांनीही जोडले. भाऊ खांदा द्यायला धावले. मला जाता आलं नाही, कारण पाहुण्या माझ्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या तिरडीजवळ जायचं मला धैर्य नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आंघोळ करून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन येणार नाही हे सांगितलं, आणि पंख्याचंही सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण मग आणखी एक गोष्ट माझ्याकडे लपून राहिली असती.

त्यांनी ओल्या केसांतून बोटं फिरवली. “म्हणजे मीच लावला ना तो पंखा,” ते म्हणाले. मग एकदम, “अरे, मग डोळा तर मारायचा होता मले!”

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला जेवायचं ताट वाढलं. 

तेव्हापासून मी दर गुरुवारी भाऊंच्या शेडमध्ये बसतो. मागच्या गुरुवारी तिथे चारच माग चालू होते. फोनची वेळ जवळ आली तसे भाऊ अस्वस्थ झाले. ते उठले, बसले, परत उठले.

“भैया, थोडं सूत आहे अजून. बाकीचेबी लावतो. फोनपुरते. तिले तिकडं काय समजते?”

मला हो म्हणावंसं वाटलं. अजूनही वाटतं, प्रत्येक गुरुवारी. दिवाळी काही लांब नाही आणि भाऊंचे रुंद माग माझ्या समोरच असतात. पण या वेळी मी गप्प राहिलो नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ भाऊ काय लावतात ते मला ठाऊक आहे.

“नको,” मी म्हणालो. “आहेत तेवढेच राहू द्या.”

फोन वाजला. मी तो सुताच्या पेटीवर ठेवला आणि स्पीकर लावला. तिकडून कुणी बोललं नाही. त्या ऐकत होत्या. चार मागांचा खडखडाट त्या मोठ्या शेडमध्ये मला फार तोकडा वाटत होता.

“आज कमी आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“हो. चार आहेत.”

“कुणी वारलं आहे?”

“नाही,” मी म्हणालो. “काम नाही.”

 त्या हे टिपून घेत होत्या का, ते कळायला मार्ग नव्हता. भाऊंना बोलणं समजलं नव्हतं, पण ते फोनकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.