चौकातला फ्लेक्स

माझ्या बाबांचा आयुष्यात एकदाच मोठा फोटो लागला, आणि त्या फोटोनंच त्यांचा घात केला. हे मी रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग शांत झाला की लिहावं म्हणून बरीच वर्षं थांबले. तो काही शांत झाला नाही.

बाबा टेलर. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात सगळे त्यांना मास्टर म्हणत. आई गेल्यावर घरात मी, ते आणि दोन मशिनी. कापसानं सगळ्यांनाच दगा दिलेली ती वर्षं. दिवाळीलासुद्धा नवं कापड घेऊन कोणी येत नसे. येत ते मोठ्याची पँट उसवून धाकट्याच्या मापाची करून घ्यायला. बाबा तेही काम लग्नाच्या सुटासारखं मन लावून करत. माझा टाका वाकडा गेला तर रागवत नसत. त्या जागेवर नुसतं बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "उं." मी निमूट उसवायला घ्यायची.

त्यांना बीपीचा त्रास होता. चौकातल्या मेडिकलवाल्या चाचांकडून गोळ्या आणायच्या आणि सकाळी चहाआधी एक घ्यायची, एवढंच ते दुखणं. ठीक चाललं होतं.

मग निवडणूक आली आणि आमच्या भागातून उभे राहिलेले साहेब आले. शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांसाठी शिबिर भरलं. साहेबांनी माइक हातात घेतला. "आता माया भागातल्या एकाही म्हाताऱ्या मानसाले गोळी इकत घ्या लागनार नाही. बीपीची असो, शुगरची असो, घरपोच येईन. हा माया शब्द हाय." टाळ्या पडल्या. गोळ्यांचं पहिलं पाकीट बाबांना दिलं, कारण सगळ्यांत स्वच्छ, इस्त्रीचा सदरा त्यांच्याच अंगावर होता.

थोड्याच दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. साहेब दात दाखवून हसताहेत आणि बाबा दोन्ही हातांनी पाकीट घेताहेत. बाबा पहिल्यांदा त्याखाली उभे राहिले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, फोटोतली वाकडी दिसत होती म्हणून.

साहेब निवडून आले. काही महिने गोळ्या आल्याही. मग बंद झाल्या. अकोल्याला साहेबांच्या ऑफिसात मी हेलपाटे घातले. तिथला माणूस दरवेळी मान वर न करता सांगायचा, "स्टॉक आला नाही."

"बाबा, चाचाकडून आनू का?"

"काहून? माया फोटो लागला हाय तिथं. त्याच्या खालीच मी गोळ्या इकत घेताना दिसलो त लोकं काय म्हनतीन? सायबाचा शब्द खोटा निघाला म्हनतीन. येईन स्टॉक."

मेडिकल नेमकं फ्लेक्सच्या खाली होतं, हेही आमचंच नशीब. चाचा रस्त्यातून हाक मारायचे, "मास्टर, बीपीले इज्जत-बिज्जत समजत नाही. ले जाओ यार." बाबा हसून पुढे जायचे. मी चोरून आणलेल्या गोळ्या त्यांनी ओळखल्या आणि परत माझ्या हातावर ठेवल्या. ज्या माणसानं आमच्या दाराकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याची अब्रू माझा बाप स्वतःच्या जिवावर सांभाळत होता. मी भांडले, जेवण टाकलं, काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी त्यांची मशीन थांबली. मी वळून पाहिलं तर कापड सुईखाली तसंच आणि बाबा कलंडलेले. लकवा. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद होती?" मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. बाबांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. उरलं फक्त ते "उं".

घरी आणल्यावर गादी सतत ओली व्हायची. खाली अंथरायला पाणी न झिरपणारं काहीतरी हवं होतं. मी बाबांची मोठी कात्री घेतली आणि भरदिवसा चौकात गेले. कापडाशिवाय त्या कात्रीनं काही कापायचं नाही, हा घरातला नियम होता. चाचांच्या दुकानातलं स्टूल घेतलं, चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या तोडल्या. चाचांनी स्टूल धरलं होतं. "संभालके, बेटा," एवढंच म्हणाले. बाकीचे बघत राहिले, अडवलं कोणी नाही.

बाबांचा भाग कापून मी पेटीत ठेवला. साहेबांचा भाग खाटेला बरोबर बसला. तोंड वर करून अंथरला आणि त्यावर चादर घातली. मला लाज वाटत नाही सांगायला: ओली चादर काढून ते हसरं तोंड दिसलं की मला बरं वाटायचं. चादर बदलताना मी बाबांना भिंतीकडे वळवत असे, त्यामुळे त्यांना ठाऊक नसावं असं मी धरून चालले होते.

साहेबांची पाच वर्षं सरली आणि उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक लागली. एका सकाळी साहेब दारात. मागे कार्यकर्ते, केळी, एक फोटोवाला. दारात गल्ली गोळा झाली, त्यात चाचाही. साहेबांनी चपला बाहेर काढल्या. तेवढं त्यांना नीट जमत असे.

"काय मास्टर, ओळखलं का मले?"

बाबांनी डावा हात उचलून कपाळाला लावला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"गोळ्या भेटते ना टाइमावर?" त्यांनी मला विचारलं.

"भेटल्या असत्या त ते मशिनीवर बसले असते, सायेब."

साहेबांनी घसा साफ केला. "झालं ते झालं, बाई. ह्या वेळेस पक्कं. माया शब्द हाय."

पुन्हा तोच शब्द. मी म्हणाले, "बरं. चादर ओली झाली त्याहीची. जरा बाबाले उचलून धरता का?"

फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. साहेबांना ते आवडलंच. त्यांनी बाबांना स्वतःच्या छातीशी धरून उठवलं, कॅमेऱ्याकडे मान वळवली, आणि मी चादर ओढली.

साहेबांनी खाली पाहिलं. खालून साहेबच हसत होते, पिवळे पडलेले, गालावरून ओघळ गेलेले. दारातलं कोणीतरी हसलं. कॅमेरा खाली गेला.

मी बाबांचा भार माझ्या खांद्यावर घेतला आणि फडकं साहेबांपुढे धरलं. "तोंड तुमचंच हाय. रोज मीच पुसून राह्यली. आज तुमी पुसा."

एक कार्यकर्ता पुढे सरसावला, पण साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. दारात मतदार उभे होते. साहेबांनी फडकं घेतलं, दोनदा इकडून तिकडे फिरवलं आणि खाटेच्या कडेला ठेवून दिलं.

बाबा वाकून ते चित्र बघत होते. मला धसका बसला. हा माणूस आता पाहुण्याची लाज राखायला जाईल, चादर ओढून ते तोंड झाकेल, आणि मी ह्या घरात हरेन. त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि खाली गेला. चित्रातल्या साहेबांच्या मिशीखाली थोडी ओल राहिली होती. बाबांनी तिथं बोट ठेवलं.

"उं," बाबा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिथं राह्यलं म्हनते," मी सांगितलं.

साहेब पुन्हा वाकले आणि पुसू लागले. ती जागा कोरडी झाल्यावर बाबांनी बोट थोडं सरकवलं आणि दुसऱ्या जागेवर ठेवलं.