सिंधूताईंचं पथ्य

गुलाबराव खामगाव आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तोवर त्यांनी कधी मेथीची जुडी उलटून पाहिली नव्हती. घरची पिशवी सिंधूताईच भरून आणायच्या. पण गेल्या वर्षी पावसाळ्यात सिंधूताईंच्या जठरात कॅन्सर निघाला. ऑपरेशनची वेळ निघून गेल्याचं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दाराबाहेर गुलाबरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ताजं, हलकं द्या. त्यांना आवडेल ते द्या."

गुलाबरावांनी त्यातलं 'ताजं' तेवढं ऐकलं.

पस्तीस वर्षं त्यांनी एसटीत फवारणीच्या औषधांचे डबे मांडीवर घेऊन बसलेले शेतकरी पाहिले होते. तो उग्र वास त्यांच्या नाकात बसला होता. तेच विष बायकोच्या पोटात गेलं असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. पोटात जाणारं विष थांबवलं तर ती वाचेल, हेही मनानंच ठरवलं. नागपूरहून मुलगा प्रसेनजित फोनवर म्हणाला, "बाबा, असं एका कारणानं होत नाही." त्यांनी फोन प्लगजवळ ठेवला आणि पिशवी उचलली.

आधी ते एका दुकानातून सेंद्रिय डाळ-धान्याची, हिरव्या पानाचं चित्र असलेली पाकिटं आणू लागले. महिना-दीड महिना आणली. मग एकदा ते दुपारी अवेळीच दुकानात गेले, तर दुकानदार बाजारातल्या साध्या पोत्यातली तूरडाळ त्याच पाकिटांत भरत होता.

"प्रमाणपत्राचा नंबर कोठी हाये याच्यावर?" गुलाबरावांनी विचारलं.

"काका, इतकं कोन पाह्यते?" दुकानदार हसला.

गुलाबराव घरी आले आणि सगळी डाळ गल्लीतल्या शेळीपुढं ओतली.

जनकाबाई त्यांना आठवडी बाजारात भेटली. वरवट बकालची, पन्नाशीची, एकटीनं दोन एकर करणारी. तिच्या पालकाच्या पानांना भोकं होती.

"हे भोकं काऊन पडले?"

"अळीनं खाल्लं, भाऊ. तिले पचलं, तं तुमालेही पचन."

पुढच्याच सोमवारी गुलाबराव एसटीनं तिच्या शेतावर गेले. शेणाचा न् गोमूत्राचा ड्रम, लिंबोळीचा अर्क, बाजूचा फवारा अडवायला बांधावर दाट लावलेली तूर, सगळं त्यांनी वहीत उतरवलं. औषध-खत बंद केल्यावर जमीन लगेच सुधारत नाही. पहिली दोन वर्षं पीक अर्ध्यावर येतं आणि तिसऱ्या वर्षी कुठं तपासणीवाले सेंद्रियचा कागद देतात, हे जनकाबाईनं त्यांना समजावलं. तेव्हापासून दर सोमवारी सिंधूताईंचं अन्न वरवट बकालहून येऊ लागलं. बाहेरचा घास बंद. साखर बंद. शेजारच्या मयुरीनं वाढदिवसाचा केक आणला, तोही त्यांनी दारातूनच परत पाठवला.

मार्चमध्ये सिंधूताईंना जरा बरं वाटत होतं, म्हणून ते त्यांनाही शेतावर घेऊन गेले. शेगावच्या स्टँडवर गाडी थांबली. खिडकीतून कचोरीचा वास आला.

"अहो, एक घ्या ना. अर्धीच खाईन."

"येडी झाली का तू? कोन्त्या तेलात तळते, मालूम हाये?"

सिंधूताई खिडकीकडं तोंड करून बसल्या. शेतावर मात्र त्यांनी जनकाबाईच्या हातची कोवळी काकडी खाल्ली, आंब्याखाली पाय पसरून बसल्या, हसल्या. गुलाबरावांना वाटलं, औषध लागू पडतंय.

भादव्यात सिंधूताईंनी अंथरूण धरलं. पोटात पाणी ठरेना. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अंबाडीची भाजी करा. कण्या घालून, वरून लसणाचं तेल. माहेरी माय करे तशी."

गुलाबरावांना कोण आनंद झाला! चार दिवसांनी बायकोनं काही मागितलं होतं. त्यांनी लगेच जनकाबाईला फोन लावला.

"भाऊ, नका येऊ," ती म्हणाली. "काल बाजूच्यानं पऱ्हाटीवर फवारा मारला. वारा माह्या वावराकडं होता. फवारा तूर ओलांडून आला, अंबाडी बांधापाशीच हाये, सारी भिजली. ताईले मी ते देत नाही."

"धुऊन घेतली तं?"

"नाही, भाऊ. पंधरा दिवस नाही."

गुलाबराव खाटेजवळ आले, सगळं सांगितलं. सिंधूताईंनी डोळे मिटूनच ऐकलं.

"मंग बाजारातून आना. दोन घास खाईन."

"बाजारातली? सव्वा वर्ष संभाळलं, अन् आता?"

"अहो, मले आता काय होते?"

गुलाबराव स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यावर, हाकेच्या अंतरावर भाजीवाली अंबाडीच्या जुड्या घेऊन बसली होती. त्यांनी मुगाचं पाणी केलं, चमच्यानं पाजायला गेले. सिंधूताईंनी ओठ मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाला जनकाबाई आली. बुद्धवंदना झाल्यावर ती गुलाबरावांसमोर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "मी द्यायले पाह्यजे होती, भाऊ. मले काय मालूम, ताईचं शेवटचं मागणं हाये म्हणून."

"तुमी बरोबर केलं," गुलाबराव म्हणाले. "तुमी मालावर खोटं बोलल्या नाही. चुकलो मी. सव्वा वर्ष मी तिच्या ताटात काय नसावं तेच पाह्यलं. तिले काय पाह्यजे, ते इचारलंच नाही."

प्रसेनजित उठून बाहेर गेला.

गुलाबराव अजूनही सोमवारी वरवट बकालला जातात, एकट्यापुरतं आणतात. खामगावात बऱ्याच जणांना आता ठाऊक झालंय, खरा माल कुठला ते त्यांना विचारावं. परवा मयुरीच वही-पेन घेऊन आली. तिच्या वडिलांच्या किडन्यांनी दगा दिला होता.

त्यांनी तिला सारं नीट सांगितलं. पाकिटावरचं चित्र नको पाहू, प्रमाणपत्राचा नंबर पाहा. जमल्यास शेतावर जा, बांधापलीकडं कोण काय फवारतं ते विचार. डॉक्टरला विचारल्याशिवाय पालेभाजीसुद्धा देऊ नको. जनकाबाईचा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला.

"यानं बाबा बरे होतील ना, काका?"

"विष कमी जाईल, बेटा. बाकी मले सांगता येत नाही." ते थोडं थांबले. "आज घरी गेली की त्याले इचार, बाबा, काय खावंसं वाटते? डॉक्टर हो म्हणला तं घासभर दे. कोठलंही असो."

मयुरीनं मान हलवली. गुलाबराव चहा ठेवतो म्हणून आत गेले. बराच वेळ झाला, तरी भांड्याचा आवाज आला नाही. मयुरीनं वही मिटली, हलकेच दार ओढून घेतलं आणि ती निघून गेली.